पंधराची गिनी, दहाची गिनी

आमच्या घरात शौर्याच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत. एकाने राजमाचीच्या रानात वाघ पाहिला, एकाने साहेबाला उलट उत्तर दिलं. भित्रेपणाच्या गोष्टी सांगायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं, आणि मी ते मन लावून करतो. सुट्टीत पोरं जमली की म्हणतात, "ती गिनीची सांगा." मी सांगतो, आणि पुण्याच्या खजिन्यात मी उंदरांवर आळ घेतला तिथे येऊन थांबतो, कारण पोरं तिथेच हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही. आज लिहूनच काढतो. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

तेव्हा जर्मनीबरोबरची पहिली लढाई संपून दीड-पावणेदोन वर्षं झाली होती. मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो, चौथीला अंकगणित शिकवायचो. पुस्तकात विलायती नाण्यांची उदाहरणं होती. भाताचं पायली-मापट्याचं गणित ज्यांना पुरलं असतं अशा पोरांना मी पौंड-शिलिंग-पेन्स घोकायला लावायचो. एका आण्याला एक पेनी, एका रुपयाला एक शिलिंग चार पेन्स, पंधरा रुपयांना एक पौंड. पोरं हे पाढ्यासारखं म्हणायची. पंधराचे चौदा केले की एक छडी, सोळा केले की एक छडी. हा आकडा देवाने डोंगरांबरोबरच ठरवून ठेवला असावा अशी माझी समजूत होती.

या पौंडाच्या सोन्याच्या नाण्याला आम्ही गिनी म्हणायचो. मळवलीजवळच्या भाजे गावच्या माझ्या मावशीकडे अशा सात गिन्या होत्या. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, स्वतःच्या मुलाबरोबर. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी पुस्तकाकडे गेलो, तो पलटणीत गेला. लढाई संपली तरी त्याची पलटण बसऱ्याकडेच होती. त्याला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायची लाज वाटायची. म्हणून पगारातून साठलं की तो तिथल्या बाजारात एक गिनी घ्यायचा आणि रजेवर येणाऱ्या मावळातल्या कुणाच्या तरी हाती धाडायचा. गिनी आली म्हणजे पोरगा आहे. हेच त्याचं पत्र. सातवी त्या उन्हाळ्यात आली होती. तिकोणा पेठेचा एक शिपाई ती घेऊन मळवलीला उतरला होता. "बरा हाय, काळजी करू नगा म्हनलाय," एवढं सांगून पाणीसुद्धा न घेता निघून गेला होता.

आषाढाच्या तोंडाशी एका सकाळी मी टपाल कचेरीच्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. सरकारने पौंडाचा भाव बदलला होता. गिनी पंधरा रुपयांना घ्यायची-द्यायची बंद. ज्यांच्याकडे असतील त्यांनी तीन आठवड्यांत सरकारी खजिन्यात भरल्या तर पंधरा मिळतील. त्यानंतर गिनीचे दहाच होणार अशी बोलवा होती. सात गिन्यांवर पस्तीस रुपये बुडणार, म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार. त्याच पानावर खाली आणखी एक बातमी होती. बसऱ्याच्या वरच्या मुलखात बंड उठलं होतं, आपल्या पलटणी पुन्हा लढत होत्या. ती मी अर्धीच वाचली. माणसाला दोन भीती एकदम झेपत नाहीत. मी त्यातली स्वस्त निवडली.

शाळेत गेलो आणि पौंडाचं उदाहरण टाळून सरळ व्याजावर गेलो. पण पोरांच्या घरीही वर्तमानपत्र वाचणारे होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "मास्तर, आता पौंडाला दहा का?"

"तसं म्हणतात खरं."

"मी दिवाळीच्या आदी दहाच म्हनलो व्हतो. तुमी छडी मारली."

मी छडी टेबलाखाली सरकवली.

शनिवारी दुपारची गाडी धरून मळवलीला उतरलो आणि चिखल तुडवत भाज्याला गेलो. मावशी खाचरात होती, इरलं डोक्यावर, वाकून भाताच्या रोपांचं आवण लावत होती. मी बांधावर उभा राहून पौंड, शिलिंग, पेन्स, खजिना, तीन आठवडे, सगळं समजावून सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी सोनं हलकं झालं?" तिने विचारलं.

"सोनं तेवढंच आहे मावशी. भाव उतरला."

"कुनी उतरवला?"

"सरकारने. विलायतेत बसून."

"मंग सरकारला उतरवू दे. माज्या कनगीत काय उतरलं न्हाई."

मी बांधावरच बसलो. पाच साते पस्तीस तिला बोटांवर मोजून दाखवलं. ती ओळ संपवून पुढच्या ओळीला लागली. मग एकदम सरळ झाली, कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खजिन्यात बसतोय त्यो मानूस गिनी नीट बघून घेतो का रं?"

"नीट म्हणजे? तराजूत घालतो, भिंगातून बघतो. सरकारचं काम आहे."

"भिंगातनं बघतो?"

"कड न् कड बघतो."

"मंग ने," ती म्हणाली.

मला वाटलं, माझ्या गणिताने ती पटली. घरी येऊन तिने कणगीतून फडकं काढलं आणि सात नाणी माझ्या ओंजळीत घातली. मी राजाची सात तोंडं मोजली, फडकं पुन्हा बांधलं आणि धोतराच्या आत पोटाशी कसून घेतलं.

सोमवारी शाळेला रजा टाकून मी पुण्याची गाडी धरली. गाडीत मी इतका घाबरलो होतो की सारा वेळ दोन्ही हातांनी पोट धरून बसलो. डब्यात जो चढेल तो चोर. समोर कामशेतला चढलेल्या एक आजीबाई होत्या. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि चिमूटभर ओवा पुढे केला. "चावून खा बाबा, मुरडा थांबंल." मी खाल्ला. नाही म्हणालो असतो तर त्यांना संशय आला असता.

खजिन्यासमोर लांब रांग होती. पागोटी, पगड्या, टोप्या, हातात पिशव्या नि डबे, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ज्यांनी वर्षानुवर्षं गिन्या लपवल्या ते सगळे आज एकमेकांसमोर उघडे पडले होते. माझी पाळी आली तेव्हा दुपार कलली होती. जाळीमागच्या कारकुनाने माझा धंदा विचारून लिहून घेतला, फडकं सोडलं, पहिलं नाणं उचललं आणि अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला. मग थांबला.

"याला खाच आहे."

त्याने दुसरं उचललं. "याला दोन." तिसरं. "तीन." तो एकेक नाणं भिंगाखाली धरून मोजत गेला, सहापर्यंत. "चाकूने पाडल्यात. आणि हिशेबाने पाडल्यात. राजाच्या नाण्याला चाकू लावणं गुन्हा आहे, मास्तर, ठाऊक आहे?"

"हो," मी म्हणालो. "म्हणजे नाही."

"कुणी केलं हे?"

मागे रांगेत सगळे कान टवकारून उभे होते. मला हातकड्या दिसल्या, शाळेच्या मुख्याध्यापकांचा चेहरा दिसला. मी म्हणालो, "उंदरांनी."

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "असा उंदीर सापडला तर इकडे आणून द्या. पगार देऊ त्याला."

रांग हसली. पोरंही इथेच हसतात.

पण मी तेव्हा हसणाऱ्यांकडे बघत नव्हतो. मला ते अक्षर वाचता आलं होतं. भाज्यात कापणीला दहा घरचे विळे एका बांधावर पडतात, म्हणून ज्याने त्याने आपल्या विळ्याच्या मुठीवर खाचा पाडलेल्या असतात. कुणाची एक, कुणाच्या दोन तिरक्या. लहानपणी आमच्या घरच्या विळ्यांवर त्या पाडायचं काम माझ्या या मावसभावाचं होतं, कारण माझा हात हलायचा. गिनीवर तो तेच करत होता. पहिलीला एक, दुसरीला दोन. वाटेत कुणी गिनी बदलली किंवा एखादी गहाळ झाली तर आईला अंगठ्याने कळावं म्हणून.

कारकुनाने सातवी उचलली. अंगठा फिरवला, भिंग धरलं, सगळी कड गोल फिरवून बघितली, तराजूत टाकली. "ही स्वच्छ आहे," तो म्हणाला. "ही घेतो." त्याने सहा खाचांच्या गिन्या माझ्याकडे सरकवल्या, आणि एक दहाची नोट नि पाच सुटे रुपये मोजून दिले.

मी ते घेतले आणि बाजूला झालो. पंधरा रुपये पूर्ण मिळाले होते. ते मी मोजूनही घेतले नाहीत. सातव्या गिनीवर सात खाचा हव्या होत्या. मग ती कुणाची होती? आणि ज्याने ती धाडायची तो कुठे होता?

परतीच्या गाडीत मी पोट धरलं नाही. चोर आला असता तर मी त्याला जागा करून दिली असती. मळवलीपर्यंत मी थापा रचत होतो. सातही परत केल्या म्हणून सांगावं, की सातही घेतल्या म्हणून सांगावं? पण मावशीपुढे खोटं बोलायला जे धैर्य लागतं तेही माझ्याकडे नव्हतं.

ती दारातच होती. पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "समद्या घेतल्या?"

"नाही. एकच."

"कोन्ती?"

मी पाय धूत राहिलो. "सहांवर खाचा होत्या, मावशी. खाचेची नाणी ते घेत नाहीत."

"आन सातवीवर?"

"एकही नव्हती."

"नीट बघितली? रांग मोठी असंल, घाईत असंल त्यो."

"भिंग लावून बघितली. सगळी कड फिरवून."

ती उंबऱ्यावर बसली. स्वतःच्या बोटांकडे बघू लागली. लावणीच्या चिखलाने ती फुगून पांढरी पडली होती. "दोन म्हयनं झालं, रोज चाचपतीया," ती म्हणाली. "मला वाटलं, माजी बोटं जाड झाली. मला घावत न्हाई, पर सरकारी मानसाला घावंल."

तेव्हा मला कळलं की तिने गिन्या कशासाठी नेऊ दिल्या होत्या. पाच साते पस्तीस तिने ऐकलंच नव्हतं. ती दोन महिने एकटीच घाबरत होती, आणि मी पस्तीस रुपयांची भीती घेऊन तिच्या बांधावर नाचत होतो.

"मला बोलली का नाहीस?"

"बोललं की खरं व्हतं," ती म्हणाली. आणि उंबऱ्यावरून उठत, "ज्यानं आनली त्याला इचारू. तू चल संगं. एकलीच्यानं ऐकवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही कामशेतला उतरून तिकोणा पेठेची वाट धरली. अर्धी वाट भाताच्या रिकाम्या गाडीतून, अर्धी पायी. पवनेला पाणी चढलं होतं, तरीचा नावाडी पलीकडच्या काठाला होता. मावशी काठावर उभी राहून त्याला हाका मारत होती. मी तिच्या मागे उभा राहून मनात म्हणत होतो, नको येऊस बाबा. नदीची भीती होतीच, पण नदी ओलांडली की उत्तर होतं. नावाडी आला. मावशीने माझं मनगट धरलं. मला आधार द्यायला की घ्यायला, कळलं नाही.

शिपाई त्याच्या खाचरात होता. आम्हाला बांधावर बघितलं तसा तो हातातलं आवण टाकून पाण्यातच उभा राहिला.

मावशीने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "ती गिनी त्यानं दिली व्हती?"

त्याने चिखलाचे हात पाण्यात धुतले. मग म्हणाला, "न्हाई, मावशी. माजी व्हती."

"त्यो?"

"मी निगालो तवा दवाखान्यात व्हता. तापानं पार फणफणल्याला. मी हाक मारली तर वळखलं न्हाई मला. पर जित्ता व्हता, आईची आन. म्होरलं मला ठावं न्हाई."

"मंग बरा हाय म्हनून का सांगितलंस?"

"रिकाम्या हातानं तुमच्या दारात कसा येऊ? आलो असतो तर तुमी माज्या तोंडाकडं बघितलं असतं." तो पाण्याकडे बघत होता. "गिनी दिली की तुमी गिनीकडं बघितलं. मी पळालो."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. पण तो बोलत होता ते सगळं मला ओळखीचं वाटत होतं.

मावशी बांधावर बसली. रडेल असं वाटलं, पण तिने पदराची गाठ सोडून पंधरा रुपये काढले. "तुजी गिनी सरकारनं घेतली. ह्ये घे."

"येवढं कशाला? लोक म्हनत्यात गिनी आता धाची. धा द्या. दिऊच नगा."

"मास्तर," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती द्यायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पौंडाचा भाव खरोखर विचारत होतं. त्याने दिली तेव्हा पंधरा. खजिन्याने घेतली तेव्हाही पंधरा. लोक म्हणतात दहा. मी बोटं मोजायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यानं गिनी दिली, त्याला गिनी दिऊ. लेकाच्या न्हाईत देनार. दुसरी आन."

म्हणून मी कामशेतच्या सराफाकडे गेलो. गिनी मागितली तेव्हा त्याने साडेसोळा सांगितले.

"अहो, सरकार दहा म्हणतंय," मी म्हणालो.

"मग सरकारकडून घ्या. देतील तर मलाही दोन आणा." त्याने गिनी फळीवर टाकून वाजवली. "मास्तर, विलायतेत कुणी कागदावर सही केली म्हणून हिच्यातलं सोनं पातळ झालं का?"

मावशीने बांधावर हेच विचारलं होतं, आणि सराफासारखी फी घेतली नव्हती. वरचा दीड रुपया मी भरला. माझ्या हुशारीचा दंड म्हणून तो मला अजून स्वस्त वाटतो. पुढच्या रविवारी ती गिनी तिकोणा पेठेला पोचवून आलो. नदीचं पाणी तेव्हा आणखी वाढलं होतं, हे पोरांसाठी लिहून ठेवतो.

मग वाट बघणं सुरू झालं. पलटणीला मी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. दर रविवारी भाज्याला जायचो, वर्तमानपत्र घेऊन. मावशी म्हणायची, "वाच." आता मी पौंडाच्या भावाची बातमी सोडून द्यायचो आणि बंडाची पूर्ण वाचायचो, मेलेल्यांच्या आकड्यांसकट. ती निवडटिपण करत ऐकायची. संपलं की एवढंच म्हणायची, "नाव न्हाई न्हवं कुनाचं?" शिपायांची नावं छापत नव्हते. मी म्हणायचो, "नाही." आणि आम्ही दोघंही ते उत्तर समजून घ्यायचो जसं सोयीचं असेल तसं.

भात कापून खळ्यावर आलं, तेव्हाची गोष्ट. शिलाटण्याचा एक शिपाई मळवलीला उतरून सरळ खळ्यावरच आला. मी तिथे पेंढ्या मोजत होतो, म्हणजे लोकांच्या मधे मधे करत होतो. शिपायाने मावशीला चिंधीत बांधलेलं काहीतरी दिलं. "अशक्त झालाय, पर हिंडतोय," तो म्हणाला. मावशीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं. तो तिथेच उभा राहिला, पाणी मागून प्याला.

तिने चिंधी सोडली. गिनी होती. तिने अंगठा कडेवर ठेवला आणि लगेच काढून घेतला, चटका बसावा तसा. नाणं माझ्यापुढे धरलं.

"तू मोज."

"तूच बघ की."

"माज्या बोटांचा भरोसा न्हाई. मोज."

मी मोजायला लागलो. चौथीला गणित शिकवणारा मी, सहापर्यंत आलो आणि पुढे माझा अंगठा सरकेना. तिच्या हिशेबात सात गिन्या आल्या होत्या. पण त्याने स्वतः धाडल्या होत्या सहाच, आणि सातवी दुसऱ्याची होती हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ही त्याची असेल तर हिच्यावर सात खाचा हव्यात, आठ नव्हे. सहा नव्हेत. मी नाणं उन्हात धरलं. सातवी खाच होती, बाकीच्यांपेक्षा उथळ, वेडीवाकडी. दुबळ्या हाताने पाडलेली.

"सात," मी म्हणालो.

"पुन्यांदा."

मी पुन्हा मोजल्या. मग तिने नाणं घेतलं, स्वतः मोजल्या आणि ते पदराच्या टोकात बांधलं. खळ्यावरची माणसं बैल थांबवून बघत होती. "हाका की," ती त्यांना म्हणाली.

पौंडाचा भाव पुढेही स्वस्थ बसला नाही. सरकारचे दहा कागदावर राहिले. बाजारात पौंड पुन्हा पंधराच्या आसपास आला, आणि काही वर्षांनी सरकारने तेरा रुपये पाच आणे चार पै असा आकडा काढला. तो घोकताना पोरांची दातखीळ बसायची. मी छडी कधीच सोडून दिली होती.

खळ्यावरच्या त्या दिवशी संध्याकाळी मी स्टेशनकडे निघालो तेव्हा मावशी बांधापर्यंत आली. पदराची गाठ मुठीत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "हिचा आता भाव काय म्हनायचा?"

लेकाच्या गिनीचा भाव तिने पहिल्यांदाच विचारला होता.

"मला ठाऊक नाही, मावशी," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "जा, गाडी चुकंल."